तुम्ही विचारलंत म्हणून: फायबरच्या बोटीचा हल (म्हणजे बाहेरचं कवच) किती मिलिमीटर जाड हवा?

शिडाची फायबरग्लास बोट घ्यायला निघालेला माणूस हा प्रश्न हमखास विचारतो. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याच्या उत्तरातून बोटीबद्दल फारच थोडं कळतं. आकडा हवाच असेल तर दहा मीटर लांबीच्या, भरीव हलच्या बोटीला वरच्या बाजूंना साधारण 8 मिमी पुरतात. तळाला त्याहून जास्त आणि कीलभोवती, म्हणजे तळाखालच्या वजनदार पंखाभोवती, त्याच्या दुपटीहून अधिक. हे 8 मिमी कशाचे असतात, ते बघा.

साच्यावर मेण चढवून त्यावर पहिला थर जेलकोटचा, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या रंगीत लेपाचा, फवारतात, ओला असताना सुमारे अर्धा मिलिमीटर. तो पातळ पडला तर नीट सुकत नाही. मग मागून येणाऱ्या रेझिनमधलं (काच चिकटवणाऱ्या द्रवातलं) स्टायरीन हे द्रावक त्याला फुगवतं आणि पृष्ठभाग मगरीच्या कातडीसारखा सुरकुततो. जाड पडला तर पुढे केसासारख्या भेगा जातात. जेलकोटनंतर दर चौरस मीटरला 300 ग्रॅमच्या मॅटचे (काचेचे तुकडे विखरून केलेल्या चादरीचे) दोन थर येतात, व्हिनाइलएस्टर रेझिनमध्ये भिजवलेले. साधं पॉलिएस्टर वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं की पाणी आत झिरपून फोड येतात. व्हिनाइलएस्टर त्याला बराच काळ थोपवतं, म्हणून ही काटकसरीची जागा नव्हे. त्यानंतर 600 ग्रॅमचं विणलेलं रोव्हिंग (काचेच्या जाड धाग्यांचं कापड) आणि 300 ची मॅट अशा चार जोड्या. मॅटचा एक थर सुमारे 0.7 मिमी, रोव्हिंगचा 0.8. बेरीज करा, आठच्या आसपास येते.

पण हेच 8 मिमी एक जोडी कमी घालून आणि रेझिन सढळ हाताने ओतूनही भरतात. जाडी मोजणाऱ्या कॅलिपरला फरक कळत नाही. हाताने रोलर फिरवून भरलेल्या मॅटमध्ये वजनाने साधारण 30 टक्के काच असते, रोव्हिंगमध्ये 45 ते 50. निर्वात पिशवीखाली रेझिन ओढून घेतलं, म्हणजे इन्फ्युजन केलं, तर 60 च्या पुढे जाता येतं. ताण घेते ती काच. रेझिनचं काम तिला जागेवर धरून ठेवायचं. म्हणजे इन्फ्युजनची बोट जुन्या पद्धतीच्या बोटीपेक्षा पातळ असूनही जास्त मजबूत असू शकते. जाडीवर भाळणाऱ्या गिऱ्हाइकाला हे पटवणं मात्र अवघड जातं.

जाडीचा खरा उपयोग ताठपणासाठी. जाडी दुप्पट केली की वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो. सँडविच हल यावरच उभा आहे: 3 मिमीच्या दोन कातड्या आणि मधे 15 मिमी फोम. कागदावरच्या हिशोबात हा तुकडा 8 मिमी भरीव तुकड्याच्या अकरा पट ताठ, तोही वजनाला हलका. फोमऐवजी बाल्सा या हलक्या लाकडाचा कोअर, म्हणजे मधला गाभा, हाही उत्तम असतो, फक्त पाणी शिरलं की कुजतो. आणि पाणी शिरतं ते बोल्टच्या भोकांतून. 8 मिमीच्या बोल्टसाठी 12 चं भोक पाडून, आजूबाजूचा कोअर खरवडून, तिथे घट्ट केलेलं इपॉक्सी भरायचं आणि सुकल्यावर पुन्हा 8 चं भोक पाडायचं, अशी रीत आहे. विंच (दोर ओढायचं यंत्र), स्टँशन (कठड्याचे खांब), क्लीट (दोर बांधायची खुंटी) धरून डेकवर अशी शंभरेक भोकं सहज होतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि घाईत पहिली काट यालाच बसते. डेकवर चालताना पायाखाली लवचिक वाटत असेल, तर बहुतेक वेळा मूळ इथेच सापडतं.

आता आमचा मुद्दा. समुद्रात हल मधोमध फाटून बोट गेली, असं क्वचित घडतं. बोटी सुटतात त्या जोडांवर.

बल्कहेड घ्या. प्लायवूडचा हा आडवा पडदा हलला थेट टेकवला तर तिथे टणक रेघ तयार होते आणि लाटांच्या माऱ्याने हल तिच्यावरच वाकत राहतो. बाहेरून उन्हात ती उभी रेघ दिसतेसुद्धा. म्हणून मधे फोमची पट्टी ठेवून, कोपऱ्यात पुट्टीची गोलाई देऊन, दोन्ही बाजूंनी काचेच्या पट्ट्या चढवतात, प्रत्येक पट्टी आधीच्यापेक्षा रुंद. हल साच्यातून काढण्याआधीच हे करावं. रिकामा हल लवकर काढला तर तो पसरतो आणि मग डेक बसत नाही.

पट्ट्यांचा चिकटपणा वेळेवर अवलंबून असतो. पॉलिएस्टर ताजं असताना, साधारण पहिल्या दिवसभरात, नवा थर त्याच्याशी रासायनिकरीत्या जुळतो. नंतरची पकड फक्त खरखरीतपणाची. रेझिनमध्ये मेण असेल तर आधी ॲसिटोनने पुसायचं आणि मग 40 नंबरच्या सँडपेपरने घासायचं. उलट केलं तर मेण आत चोळलं जातं. पट्टी दिसायला छान बसते आणि दोन हंगामांनी अख्खी सालासारखी निघून येते.

कीलचं गणित सगळ्यात कठोर. कीलचं खालचं टोक खडकावर आपटलं की मागची कड हलमध्ये वर घुसू पाहते आणि पुढची खाली ओढली जाते. तो भार आतल्या आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या जाळीने घ्यायचा असतो. जाळी वेगळी साच्यात घडवून हलला चिकटवलेली असेल, तर ती सुटलीय का हे वरून दिसत नाही. 2014 मध्ये ‘चीकी रफिकी’ ही शिडाची बोट अटलांटिकमध्ये कील तुटून उलटली, चौघे गेले. आधीच्या आपटण्यांनी जाळीचा चिकटा सुटत गेला असावा, ही शक्यता चौकशीत पुढे आली. म्हणून बोट जमिनीला लागली असेल तर कीलच्या मागच्या टोकावरची जाळी आधी तपासा. कील हलला धरून ठेवणारे स्टेनलेसचे कीलबोल्टही फसवतात. ओल्या, हवा न पोचणाऱ्या फटीत स्टेनलेस गुपचूप गंजत जातं. वरचा नट चकचकीत, खाली बोल्ट पेन्सिलीएवढा.

हातोडीच्या दांड्याने ठोकून बघणं अजूनही उपयोगी आहे: खणखणीत आवाज म्हणजे ठीक, बद्द आवाज म्हणजे थर सुटलेला किंवा कोअर भिजलेला. ओलावा मोजायचं यंत्र मात्र बोट पाण्याबाहेर काढल्या काढल्या लावू नका, आणि मागे धातू किंवा पाण्याची टाकी असेल तर आकडा मनावर घेऊ नका.

आणि जाडीच हवी असेल, तर सी-कॉक (हलमधून पाणी आत-बाहेर सोडणारी तोटी) बसवताना हलला जे भोक पाडतात त्याची चकती मागून घ्या. जेलकोट, व्हिनाइलएस्टरची कातडी, रोव्हिंगचे थर, हवेचे बुडबुडे, सगळं तिच्या कडेवर वाचता येतं. प्रयोगशाळेच्या भट्टीत रेझिन जाळून टाकलं की उरलेल्या काचेचं वजन होतं, थरही एकेक करून मोजता येतात. चकती फेकून दिली असं उत्तर मिळालं, तर पुढचं भोक पाडायच्या वेळी स्वतः हजर राहा.