केशरी कार्ड होतं, धान्य नव्हतं

रेशनकार्ड आमच्याकडे लग्नापासूनच होतं. केशरी. कपाटात साड्यांखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. शाळेत, बँकेत, गॅसला झेरॉक्स जोडायची आणि परत ठेवून द्यायचं. हे टेम्पो चालवायचे, घर चालत होतं.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये यांचा पाय मोडला, रॉड घालावा लागला. टेम्पो सुटला. राहिली माझी कमाई: फॉल-बिडिंग आणि ब्लाउजना हूक लावणं. महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास. सासूबाई म्हणाल्या, "अगं, रेशनला जा की. निम्मा टेंभीपाडा जातो."

गेले. दुकानदाराने कार्ड उलटंपालटं केलं. "ताई, शिक्का कुठाय?"

केशरी कार्ड म्हणजे धान्य, असंच मी धरून चालले होते. तसं नाही. 2013 चा अन्नसुरक्षा कायदा आल्यापासून त्यातलं धान्य दोघांनाच: अंत्योदयवाल्यांना, म्हणजे अगदी गरीब घरांना, घरटी 35 किलो आणि 'प्राधान्य कुटुंब' असेल त्यांना माणशी 5 किलो. पूर्वी तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये किलो होता, 2023 पासून तेही द्यावे लागत नाहीत. पण तुमचं नाव त्या यादीत आणि कार्डावर तसा शिक्का पाहिजे. नसेल तर केशरी कार्ड असूनही हे धान्य मिळत नाही.

शिधावाटप कार्यालयात विचारलं. शहरात प्राधान्यात बसायला वर्षाचं उत्पन्न 59,000 च्या आत हवं. मी तिथेच मोबाईलवर भागाकार केला. महिन्याचे पाच हजारसुद्धा होत नाहीत. हा आकडा ठरवणाऱ्याने भांडुपमध्ये कधी खोलीचं भाडं भरलेलं नसणार. आमची खोली स्वतःची म्हणून आम्ही कसेबसे बसत होतो. माझ्या पुढच्या बाईने अर्जात 48,000 लिहिले, आणि बोलता बोलता सांगून गेली की नवरा वॉचमन आहे, मुलगा कुरिअरमध्ये. मला तिचा राग नाही आला. हे कामावर असते तर मीही तेच लिहिलं असतं बहुतेक.

खरी गोम उत्पन्नाच्या दाखल्यात निघाली. दाखला मिळतो मागच्या आर्थिक वर्षाचा, आणि त्या वर्षी हे कमावत होते. पोटाला कमी पडतंय ते आत्ता, कागद मागतोय तेव्हाचं. सेतूमधल्या मुलाने सरळ सांगितलं, "काकी, पुढच्या एप्रिलनंतर या."

म्हणजे वर्ष काढायचं होतं. गावाहून दिरांनी तांदळाचं पोतं पाठवलं. बचत गटातल्या ताईंनी यांना शिवभोजनच्या केंद्राचा रस्ता दाखवला. 10 रुपयांत दोन पोळ्या, एक भाजी, वरण, भात. ही थाळी 2020 च्या 26 जानेवारीला सुरू झाली, तेव्हा आम्ही बातमी बघून "बरं आहे हो गरिबांना" म्हणालो होतो. पहिल्या दिवशी हे काठी टेकत गेले, जेवून आले आणि संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी आपणहून म्हणाले, "वरण बरं असतं." केंद्रावर रोजच्या थाळ्या ठरलेल्या. उशीर झाला की संपल्या. त्यामुळे यांची काठी साडेअकरालाच दारात तयार असायची.

एप्रिल उजाडला. दाखला निघाला, 54,000 चा. कार्डावर आम्ही दोघंच होतो, म्हणून मुलांची नावं चढवायला नमुना 8 चा अर्ज, जन्मदाखले, सगळ्यांची आधारकार्डं. कार्यालयाबाहेर एक जण हटकून भेटतोच. माझ्याकडे त्याने 3,000 मागितले. तेवढ्यात बाजारातून तांदूळच आला असता की हो! मी स्वतःच फॉर्म भरला. दोनदा परत आला, एकदा हमीपत्रावर सही राहिली म्हणून, एकदा कशासाठी ते अजून कळलेलं नाही. ज्यांना वेळ असेल त्यांनी एजंटकडे जाऊ नका. पण रोजंदारी बुडवून रांगेत उभं राहणाऱ्याला मी हे कुठल्या तोंडाने सांगू?

अर्ज मंजूर झाला आणि नवीन शब्द कानावर पडला: इष्टांक. घरी येऊन सांगितलं, "इष्टांक शिल्लक नाही म्हणतात." सासूबाईंना ऐकायला कमी येतं. म्हणाल्या, "कुणाला दृष्टांत झाला?"

बचत गटातल्या ताईंनी उलगडून सांगितलं. राज्यात किती लोकांना धान्य द्यायचं तो आकडा ठरलेला आहे, साधारण 7 कोटी, आणि तो 2011 च्या जनगणनेवरून धरलेला. त्यानंतर जनगणनाच झाली नाही. म्हणून कुणी मेलं, गाव सोडून गेलं, अपात्र ठरलं तरच आपल्याला जागा. लोकलच्या चौथ्या सीटसारखं, कुणीतरी उठायची वाट बघायची. मी रेशनच्या 1967 या हेल्पलाइनवर फोन करत राहिले. श्रावणात एकदाची नावं लागली. कुणाची जागा आम्हाला मिळाली, देव जाणे.

पहिल्या महिन्यात दुकानात गेले तर मशीन माझा अंगठाच घेईना. भांडी आणि सुई, दोन्हींनी बोटांच्या रेषा गेल्यात. दुकानदार म्हणाला, "हात पुसा." पुसले. "दुसरा अंगठा." नाही. मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी मागची एक म्हातारी म्हणाली, "करंगळीशेजारचं बोट लाव गं, माझं त्याच्यानेच लागतं." लागलं! मशीनमधून पावती आली आणि मी ती दोनदा वाचली.

पावतीवर 15 किलो. कार्डावर आम्ही चौघं, यायला हवे 20. धाकट्याचं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, अडकलंय. त्याचं आधार तो तान्हा असताना काढलेलं, पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे द्यायचे असतात ते राहून गेले, आणि आता तो सात वर्षांचा आहे. आधार केंद्रात सोमवारचं टोकन मिळालंय. शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली आहे.