रानपिंगळा ‘दिसला नाही’ असं लिहिण्याआधी : सातपुड्यातल्या पाहणीचा अनुभव

खानदेशात रानपिंगळ्यावर, म्हणजे जंगलातल्या या दुर्मीळ छोट्या घुबडावर, काम करायचं तर त्याचा इतिहास आधी नीट वाचावा लागतो, कारण पाहणीची पद्धत त्यातूनच ठरते. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशातून या पक्ष्याचे नमुने गोळा केले. १८८४ चा त्याचा नमुना शेवटचा ठरला. त्यानंतर पक्षी खात्रीने दिसला तो थेट नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळ, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या पक्षी अभ्यासकांना. मधली ११३ वर्षं शोध भरकटण्याचं एक कारण म्हणजे माइनर्ट्‌झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहकाचा खोटा नमुना. चोरलेलाच जुना नमुना नव्याने भरून त्यावर गुजरातेतलं मांडवी आणि १९१४ अशी चिठ्ठी लावलेली होती, आणि शोधणारे त्या चिठ्ठीवर विसंबून मांडवीच्या बाजूला गेले. म्हणून आम्ही ‘दिसला’ या नोंदीला जेवढे पुरावे मागतो, तेवढेच ‘दिसला नाही’ या नोंदीलाही मागतो.

सगळ्यात जास्त वेळ परवानगीत जातो. यावल अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. अभयारण्याबाहेरचं जंगल, म्हणजे तोरणमाळ किंवा तळोद्याकडचा भाग, असेल तर त्या त्या वनविभागाच्या उपवनसंरक्षकांकडे जावं लागतं. पक्षी धरून ओळखीसाठी पायात कड्या घालणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. कायद्याच्या व्याख्येत पकडणं म्हणजे शिकारच, आणि त्याची परवानगी कलम १२ खाली. आम्ही अर्जात ‘पक्षी, अंडी, घरटं यांना हात लावणार नाही’ हे पहिल्याच परिच्छेदात लिहितो आणि पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज स्पीकरवर वाजवून पाहणी करणार असू तर तेही स्पष्ट लिहितो. हे नंतर सांगितलं तर काम मध्येच थांबतं. सोबत जंगलाच्या तुकड्याचा कक्ष क्रमांक, गाड्यांचे क्रमांक आणि माणसांची नावं द्यावीत. नुसतं ‘सातपुडा’ लिहिलेला अर्ज परत येतो.

कागद हातात आला तरी थेट जंगलात जायचं नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवर वनहक्काचे दावे हा जिव्हाळ्याचा विषय आहे. हातात जीपीएस घेऊन अनोळखी माणूस शेताच्या कडेने फिरला की जमिनीची मोजणी आली असाच समज होतो, आणि तो समज चुकीचा म्हणता येत नाही. त्यामुळे आधी पोलीस पाटील आणि ग्रामसभा, मग वनरक्षक, मग पाहणी. पाड्यावरचा एक जाणता माणूस रोजंदारीवर सोबत घ्यावा. पक्षी ज्यांत घरटं करतो ती पोकळीची झाडं त्याला माहीत असतात. होळीच्या आधीचा आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराचा आठवडा पाहणीसाठी धरूच नये, कारण माणसं मिळत नाहीत आणि पायवाटांवर वर्दळ असते.

आराखडा क्यूजीआयएस या नकाशे आखण्याच्या संगणक प्रणालीत करतो. १ किमी × १ किमीच्या चौकटी, यूटीएम झोन ४३ उत्तरमध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत. अंश-मिनिटांत चौकटी आखल्या तर त्या चौरस येत नाहीत, कारण आपल्या अक्षांशावर एक अंश रेखांश साधारण १०३ किमी भरतो आणि एक अंश अक्षांश सुमारे १११ किमी. कुठल्या चौकटी घ्यायच्या हे संगणकाला ठरवू द्यावं. रस्त्याकडेच्या, सोयीच्या चौकटी निवडल्या की आकडा रस्त्याचा येतो, जंगलाचा नाही.

प्रत्येक चौकटीत चार फेऱ्या, वेगवेगळ्या दिवशी, आणि जमेल तेवढी पाहणारी माणसंही बदलून. चारच का, याचं गणित सोपं आहे. समजा पक्षी तिथे आहे आणि एका फेरीत तो सापडण्याची शक्यता ४० टक्के आहे. एकाच फेरीवर थांबलात तर पक्षी असलेल्या शंभर चौकटींपैकी साठ तुम्ही रिकाम्या लिहाल. चार फेऱ्यांनंतर ही चूक सुमारे १३ वर येते. शक्यता २५ टक्केच असेल तर मात्र चार फेऱ्यांनंतरही ३२ चौकटी निसटतात. म्हणूनच फेरीगणिक शून्य-एक (नाही दिसला ०, दिसला १) अशी नोंद ठेवावी लागते. ‘चार वेळा गेलो, एकदा दिसला’ अशी गोळाबेरीज ऑक्युपन्सीच्या विश्लेषणाला, म्हणजे न दिसलेला पक्षी नव्हताच की निसटला याचा अंदाज बांधणाऱ्या गणिताला, पुरत नाही. फेरीगणिक वारा, वेळ, माणसं बदलतात, म्हणून कोणत्या फेरीत दिसला, हे त्याला हवं असतं.

रानपिंगळा दिवसा वावरणारा आहे, त्यामुळे रात्री बॅटऱ्या घेऊन फिरण्यात अर्थ नाही. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. आम्ही उजाडल्यापासून दहापर्यंतच काम करतो. त्यानंतर दऱ्यांतून वारा चढतो आणि दूरची साद ऐकू येत नाही. पानगळ झालेली असेल तर सागाच्या उंच, उघड्या फांदीवर बसलेला पक्षी लांबून दिसतो.

आवाज वाजवण्याचा क्रम आम्ही कधीही बदलत नाही. चौकटीत थांबून ऐकण्याच्या ठरलेल्या जागेवर, म्हणजे बिंदूवर, पोहोचल्यावर पाच मिनिटं गप्प उभं राहायचं. एक मिनिट साद वाजवायची, तीन मिनिटं ऐकायचं, आणि हेच एकदा पुन्हा. उत्तर आलं की त्याच क्षणी स्पीकर बंद. पुढच्या बिंदूचं अंतर किमान ४०० मीटर, नाहीतर पहिलाच पक्षी मागे मागे येतो आणि दोनदा मोजला जातो. स्पीकरचा आवाज पहिल्या दिवशी ठरवून खुणेने पक्का करावा. माणसागणिक आवाज बदलला तर फेऱ्यांची तुलनाच होत नाही. घरटं सापडलं की त्या जागी साद वाजवणं पूर्ण बंद. नर पुन्हा पुन्हा हद्द राखायला धावतो, तेवढा वेळ भक्ष्य आणणं थांबतं, आणि उघड्यावर आलेला पक्षी शिकऱ्याच्या नजरेत येतो. चांगला फोटो मिळावा म्हणून दहा-दहा मिनिटं साद वाजवणाऱ्यांना हे ठामपणे सांगायला हवं.

आता ओळख. इथेच सगळ्यात जास्त नोंदी बाद होतात. गावाजवळच्या आंब्या-बाभळीवर असतो तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. जंगली पिंगळा डोक्यापासून खालपर्यंत बारीक आडव्या पट्ट्यांचा. रानपिंगळ्याचं डोकं मोठं, चोच दणकट, माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा, छातीवर गडद तपकिरी पट्टा, पोटाचा खालचा मध्य स्वच्छ पांढरा आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. उत्तेजित झाला की शेपटी डावी-उजवीकडे झटकतो. पाठमोरा पक्षी, सकाळचं तिरपं ऊन आणि उत्साह हे तिन्ही एकत्र आले की साध्या पिंगळ्याचा रानपिंगळा होतो. माथा, छाती आणि शेपटी या तिन्हींपैकी दोन खुणा तरी दिसल्याशिवाय, किंवा सादेचं रेकॉर्डिंग असल्याशिवाय, आम्ही ‘खात्रीची’ नोंद करत नाही. उरलेल्या ‘संशयित’ म्हणून वेगळ्या रकान्यात जातात आणि विश्लेषणात घेतल्या जात नाहीत. नसलेला पक्षी असल्याचं लिहिलं तर सगळं गणितच कोसळतं, कारण साधं ऑक्युपन्सी मॉडेल फक्त निसटलेले पक्षी हिशेबात धरतं.

जंगली पिंगळाही साद ऐकून उत्तर देतो. त्याची साद हळू सुरू होऊन वेग घेत जाते, रानपिंगळ्याची मऊ, तुटक आणि घुमणारी असते. कोतवाल, बुलबुल, शिंजीर एकाच फांदीवर कालवा करत असतील तर ते घुबडाला हुसकावत असू शकतात, म्हणून तिथे दुर्बीण लावावी (८×४२ पुरते). मात्र आपणच साद वाजवल्यावर जमलेला कालवा पुरावा धरायचा नाही, ते स्पीकरवर चिडलेले असतात.

दरीत प्रतिध्वनीमुळे दिशा फसते. दोघांनी शंभर मीटर अंतरावरून एकाच वेळी होकायंत्राने दिशा घेतली तर झाड बऱ्यापैकी नेमकं सापडतं.

पक्षी दिसो वा न दिसो, प्रत्येक बिंदूवर वारा, ढग, वेळ आणि पाहणाऱ्याचं नाव लिहायचं. शिवाय १० मीटर त्रिज्येतल्या झाडांचे घेर (जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर), पोकळ्यांची संख्या, ताजी तोड, गुरांच्या खुणा आणि जळिताच्या खुणाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, ती आग कधी पसरते, आणि पाली, सापसुरळ्या, उंदीर हेच ज्याचं खाणं त्या पक्ष्याला जमिनीवरचा हा बदल लगेच जाणवतो. वही रोज संध्याकाळी संगणकात उतरवावी. आठवड्याने उतरवली की रिकामा रकाना म्हणजे ‘नव्हता’ की ‘पाहिलंच नाही’, हे सांगता येत नाही.

घरट्याचे अक्षांश-रेखांश आम्ही कुणालाही देत नाही. अंधश्रद्धेपोटी घुबडं मारली जातात आणि फोटोवाल्यांची गर्दीही घरट्याला परवडत नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन पहिल्या दिवसापासून बंद ठेवावं. वनविभागाच्या अहवालात नेमक्या जागा स्वतंत्र, बंद पाकिटात जातात. लोकांपुढे फक्त चौकटींचा नकाशा येतो, आणि त्यात रिकाम्या चौकटीही चार फेऱ्यांच्या तारखांसह छापलेल्या असतात. ज्या रिकाम्या चौकटींत दोन किंवा जास्त फेऱ्या वाऱ्यात झाल्या, त्या पुढच्या हिवाळ्याच्या यादीत सगळ्यात वर घेतो.