हापूसची गरम पाण्याची आंघोळ

मे महिन्यात कोणी ना कोणी फोटो पाठवतंच, पेटी उघडली तेव्हा आंबे एकदम मस्त होते आणि चार दिवसांत अंगभर काळे डाग, आंबेवाल्याने फसवलं म्हणून. आंबेवाल्याने नाही हो, बहुतेक वेळा करप्याने, म्हणजे बुरशीच्या रोगाने. आणि तो पेटीत लागलेला नसतो, मोहोरापासून सोबत असतो. बुरशीचे बीजाणू दवाने-पावसाने मोहोरावर, कैरीवर येऊन पडतात, रुजतात, सालीत जरासे शिरतात आणि गप्प बसतात, कारण कच्च्या सालीत बुरशीला न मानवणारी रसायनं असतात. आंबा पिकायला लागला की ती कमी होतात आणि मग डाग दिसायला लागतात.

म्हणूनच गरम पाणी चालतं. रोग सालीपुरताच आहे तोवर गरापर्यंत उष्णता न्यायचीच नाहीये, काढलेला आंबा ५२ ते ५५ डिग्रीच्या पाण्यात ५ ते १० मिनिटं बुडवला की बरंचसं काम होतं, तेही औषधाशिवाय. हवाईत पपईसाठी हा प्रयोग १९५३ सालीच छापून आलाय!

पण इथे अंदाजपंचे चालत नाही, थर्मामीटर हवाच. डिग्री-दोन डिग्री कमी तर बुरशी टिकते, जास्त तर साल भाजते. आणि बादलीभर पाण्यात ढीगभर गार आंबे टाकले की पाण्याचं तापमान लगेच उतरतं आणि मग लोक म्हणतात हे काही उपयोगाचं नाही. झाडावरून काढल्यावर जितकं लवकर तितकं बरं, चीक आधी उतरवायचा आणि बाहेर काढल्यावर नीट गार करून वाळवायचे, ओलेच पेटीत भरायचे नाहीत.

एक गोंधळ नेहमी होतो. ४८ डिग्रीला ६० मिनिटं हे जे ऐकता ते फळमाशीसाठी, २०१४ ला युरोपने आपला आंबा बंद केला तो माशीमुळेच. तिथे माशीची अळी मारायला आत गरापर्यंत उष्णता पोचवावी लागते म्हणून एवढा वेळ.

आणि साका, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो तो? त्याला याचा शून्य उपयोग. साका बुरशीने होतच नाही, तो झाडावरच आत तयार झालेला असतो. बाजारातून आणलेल्या पिकल्या आंब्यालाही आता गरम पाणी दाखवू नका, डाग छोटा असेल तर तेवढा भाग सढळ हाताने कापून टाका आणि बाकीचा आजच संपवा.