बगळ्याचा पांढरा रंग सांभाळताना

पक्ष्यांच्या फोटोंचा स्वतःचा प्रकल्प करायचा तर दुर्मीळ पक्ष्यांमागे धावायची गरज नाही. लहान बगळा, म्हणजे लिटल इग्रेट, ही एकच जात वर्षभर पुरते. काळी चोच, काळे पाय आणि पंजे मात्र पिवळे. विणीच्या हंगामात डोक्यामागे दोन लांब पिसं आणि पाठीवर झिरझिरीत तुरे येतात, म्हणजे विषय तोच राहून रूप बदलतं.

खरी कसोटी पांढऱ्या रंगाची. मागे गडद झाडी असली की कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं मीटर अख्खी फ्रेम उजळवायला जातं आणि पिसं जळतात, म्हणजे तपशील जाऊन कोरी पांढरी होतात. पूर्ण जळलेला भाग रॉ फाइलमधूनही, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधूनही, परत मिळत नाही. तोच बगळा उडून आभाळासमोर गेला की मीटर उलट फसतं आणि पक्षी काळवंडतो. तेवढ्या क्षणात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या निर्णयावरची उजेडाची दुरुस्ती, उणे १ वरून अधिक १ वर कोण नेणार? मॅन्युअल मोडला ऑटो आयएसओ जोडा, म्हणजे शटर आणि ॲपर्चर स्वतः ठरवून आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) कॅमेऱ्यावर सोडा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. पण त्यात निर्णय पुन्हा मीटरचाच. बगळ्यासाठी तो कामाचा नाही.

आयएसओसुद्धा स्वतःच ठरवा. शटर १/२००० सेकंद, ॲपर्चर एफ ५.६ ठेवून उन्हात उभ्या बगळ्याचा एक फोटो घ्या. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजव्या कडेला टेकायच्या जरा आधी थांबला पाहिजे. जळलेला भाग लुकलुकवून दाखवणारी हायलाइटची सूचना चालू ठेवा. कोवळ्या उन्हात आयएसओ ८०० च्या आसपास निघतो, ऊन चढलं की बराच खाली येतो. पार्श्वभूमी कितीही बदलली तरी पिसांवरचा प्रकाश तोच असतो, म्हणून सेटिंगही तेच चालतं. ढग आला की मात्र परत बघायचं.

बगळा वाऱ्याकडे तोंड करून उडतो आणि उतरतोही तसाच. ऊन आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीशी असतील तर तो समोरून येतो. सकाळी पश्चिमेचा वारा असेल तर उजेडाच्या बाजूने नुसती पाठ मिळते. अशा दिवशी संध्याकाळी गेलेलं बरं. उडण्याआधी तो पुढे झुकतो, पाय दुमडतो, बऱ्याचदा शिटतोही. पण उड्डाणापेक्षा उतरणं टिपावं: वेग कमी, पंख पूर्ण उघडलेले आणि पिवळे पंजे खाली लोंबलेले.

फुलफ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यावर ४०० मिमी लेन्स, एफ ५.६ आणि ८ मीटर अंतर असताना फोकसची खोली जेमतेम १३ सेंटीमीटर मिळते. डोळा धारदार असेल तर पंखाचं टोक धूसर आलेलं चालतं. उलटं चालत नाही. फोकस कंटिन्युअसवरच, म्हणजे हलत्या पक्ष्यावर सतत जुळत राहील असा, ठेवा. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर पंख वाकडे दिसले तर सेन्सर सावकाश वाचला जातोय. तिथे मेकॅनिकल शटर लावा.

काठावर आडवं पडून लेन्स पाण्यापासून वीतभर उंचीवर आणली की मागचा काठ दूर जाऊन विरघळतो. उभ्याने काढलेल्या फोटोत बगळ्यामागे फक्त चिखल येतो. घरट्यांच्या वसाहतीजवळ मात्र जाऊच नये. मोठे पक्षी उठले की अंडी आणि पिल्लं उघड्यावर पडतात.

ऊन तापल्यावर सगळेच फोटो मऊ येऊ लागले तर लेन्सला दोष देऊ नका. जमिनीवरची गरम हवा थरथरत असते आणि ४० मीटरवरच्या पक्ष्याची पिसं त्यात पुसली जातात. शटर वाढवून किंवा ट्रायपॉड लावून ते सुटत नाही. अंतर कमी होत नसेल तर कॅमेरा पिशवीत टाका.