खोडलेली ओळ

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते आणि त्या दिवशी पुण्यातल्या एका पेठेतल्या शाळेत केंद्राध्यक्ष होते. आदल्या दिवशी साहित्य घ्यायच्या रांगेतच निम्मा जीव गेलेला, पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे उमेदवारांच्या एजंटांसमोर चाचणीची पन्नास मतं टाकून मशीन परत क्लिअर करायचं, सात वाजता दार उघडलं तेव्हा चहासुद्धा झाला नव्हता.

व्हीलचेअर आली होती पण तिला एका बाजूचा पायटेकूच नव्हता, आणि रॅम्प म्हणजे तिरकी टाकलेली फळी. एनएसएसची पोरं धरून धरून आजी-आजोबांना वर आणत होती, त्यांना खरंच मानलं.

अकराच्या सुमारास एक ताई आल्या, पांढरी काठी, सोबत भाऊ. अंध किंवा अशक्त मतदाराला अठरा वर्षांवरचा सोबती नेता येतो, त्याने घोषणापत्र भरायचं, एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती व्हायचं, हे ट्रेनिंगमध्ये इतकं घोटून घेतलेलं की मी सरळ नमुना १४-अ, म्हणजे सोबती नेणाऱ्या मतदारांची नोंद, उघडला, मतदार यादीतला अनुक्रमांक लिहिला आणि भावाला म्हटलं, "तुमचं नाव सांगा."

"त्याचं नाव कशाला मॅडम? ब्रेलची मतपत्रिका आली असेल ना तुमच्याकडे?"

आली होती. पण कुठे? सगळी पाकिटं उपसली, रांग थांबली, मागून "अहो मॅडम, ऑफिस आहे आम्हाला" सुरू झालं. शेवटी ती १७-क च्या, म्हणजे मतांच्या हिशोबाच्या फॉर्मखाली सापडली, पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं. घाईत त्यांच्या हातात दिली तर त्यांनी बोटं फिरवली आणि काही न बोलता कागद उलटा फिरवून घेतला. मी डोक्यावर पाय करून दिला होता 😅 मला कुठे कळतंय त्यातलं!

सगळ्या उमेदवारांची नावं त्यांनी सावकाश वाचली. एक एजंट पुटपुटला की भावाला जाऊ द्या ना आत, लवकर उरकेल. त्यावर ताई हसल्या, "त्याला आत नेलं तर तो त्याच्याच माणसाला देईल, आमच्या घरात दोन पक्ष आहेत." भाऊ पण हसला. माझे कान मात्र गरम झाले, कारण लवकर उरकेल हे माझ्याही मनात होतंच.

मग शाई, सही, चिठ्ठी, तिसऱ्या मतदान अधिकाऱ्याने कंट्रोल युनिटवर बॅलटचं बटण दाबून मशीन मतासाठी खुलं केलं. कक्षापर्यंत मी हात धरून नेलं आणि मागे फिरले. बॅलट युनिटवर बटणांशेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात, कागदावरचा क्रमांक लक्षात ठेवायचा आणि तिथे बोटाने शोधायचा. फार तर मिनिटभर लागलं असेल, पण खोलीत कोणी बोलेना. मग तो लांबलचक बीप.

बाहेर येऊन त्यांनी हळूच विचारलं, "बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेत ती छापील चिठ्ठी सात सेकंद दिसते म्हणतात, त्यावर माझंच चिन्ह आलं असेल ना?"

काय सांगणार? मी बघितलं असतं तर मत गुप्त राहिलं नसतं, आणि भाऊ आत असता तर चिठ्ठी त्याने बघितली असती. बघणारं कोणी आत न्यायचं नसेल तर बीपवरच भागवायचं. मी एवढंच म्हटलं, "बीप आला म्हणजे मत नोंदलं गेलं." त्या म्हणाल्या, "ते मलाही ऐकू आलं."

रात्री साडेदहाला साहित्य जमा करताना टेबलावरच्या माणसाने नमुना १४-अ वर बोट ठेवलं. "ही ओळ का खोडलीय मॅडम?"

"त्यांनी स्वतःच बटण दाबलं."

"मग इथे सही करा," म्हणाला आणि पुढचं पाकीट मागितलं.