मंडोरची पन्नास मिनिटे

आमच्या राजस्थान सहलीत जोधपूरच्या दिवशी मंडोरला पन्नास मिनिटे दिलेली असतात. मेहरानगडाला अडीच तास, जसवंत थड्याला चाळीस मिनिटे आणि जेवणानंतर बांधणीच्या दुकानात दीड तास, असा तो दिवस मुंबईच्या कार्यालयात बसून आखला जातो. जोधपूर वसण्याआधी जी मारवाडची राजधानी होती, तिच्या वाट्याला एका दुकानापेक्षा कमी वेळ का यावा, हे विचारण्यात अर्थ नसतो. दुकानातून टक्केवारी मिळते, राजांच्या स्मारकांतून मिळत नाही.

चौदा वर्षे सहल व्यवस्थापक म्हणून काम केल्यावर मंडोर म्हणजे माझ्यासाठी आधी स्वच्छतागृह, मग वानरे आणि त्यानंतर पायऱ्या, असा क्रम झाला आहे. तेथील वानरांना पिशवीची चेन उघडता येते, म्हणून राजगिऱ्याचे लाडू बसमध्येच ठेवायला लावावे लागतात. स्मारकांचे चौथरे उंच आहेत, त्यामुळे कोणाच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आहे, याची यादी मी आदल्या रात्रीच करून ठेवतो. मात्र एका गोष्टीचा मला अभिमान आहे. इतर व्यवस्थापक मंडोर दुपारी, जेवणाच्या सुस्तीत उरकतात. मी स्वयंपाकी महाराजांना पहाटे चारला उठवून, पोहे लवकर करायला लावून, नऊच्या आत माणसे बागेत उतरवतो. त्या वेळी तांबडा वालुकाश्म तापलेला नसतो आणि कोवळ्या, तिरक्या उन्हात शिखरांवरचे कोरीवकाम उठून दिसते.

या स्मारकांना तेथे देवल म्हणतात, आणि ते योग्यच आहे. छत्री म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खांबांवर तोललेला घुमट येतो. येथे मंडप, गाभारा आणि वर शिखर असे पुरते मंदिर उभे आहे, फक्त गाभाऱ्यात देव नाही. प्रतिहारांच्या या जुन्या राजधानीचा ताबा चौदाव्या शतकाच्या अखेरीस राठोडांच्या राव चूंडाकडे आला आणि 1459 मध्ये राव जोधाने नऊ किलोमीटरवरच्या डोंगरावर नवा किल्ला बांधायला घेतला. राजधानी गेली, पण पुढे कित्येक पिढ्या राजांचे दहन मंडोरलाच होत राहिले. या सर्वांत भव्य देवल महाराजा अजितसिंहांचे आहे. 1724 मध्ये त्यांचा मुलगा बख्तसिंह याने त्यांचा खून केला, आणि त्यांच्या चितेवर साठाहून अधिक स्त्रिया सती गेल्या, असे सांगितले जाते. हे ऐकल्यानंतर अर्ध्या मिनिटात लोक त्याच पायऱ्यांवर ओळीने उभे राहून छायाचित्र काढून घेतात, याची मला आता सवय झाली आहे.

गेल्या वर्षी डिसेंबरात अडतीस जणांच्या गटात सुधागड तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक होते. सारे त्यांना गुरुजी म्हणत. पायऱ्या न चढता ते माझ्याजवळ आले आणि त्यांनी विचारले, "अजितसिंहांचे पाहिले, पण दुर्गादासांची समाधी कोठे आहे?" औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर याला घेऊन दुर्गादास राठोड 1681 मध्ये संभाजी महाराजांच्या आश्रयाला आले, तेव्हा त्या शहजाद्याचा मुक्काम सुधागडाच्या पायथ्याशी होता. गुरुजींनी हा धडा तीस वर्षे त्याच परिसरातील मुलांना शिकवला होता. त्यांनी खिशातून कुंकवाची एक जुनी डबी काढली. तिच्यात गडाच्या पायथ्याची माती होती.

मी तोंड उघडण्याआधीच स्थानिक गाईड म्हणाला, "आइए गुरुजी, दिखाता हूँ," आणि त्याने त्यांना एका लहानशा, नाव नसलेल्या स्मारकापाशी नेले. "माहीत नाही" हे वाक्य गाईडच्या धंद्यात नसते. गुरुजींनी चपला काढल्या, डबीतली माती चौथऱ्यावर ठेवली आणि डोळे मिटून बराच वेळ हात जोडून उभे राहिले.

ती समाधी मंडोरला नाही, हे मला पक्के ठाऊक होते, कारण उज्जैनच्या सहलीत मी ती अनेकदा दाखवली आहे. ज्या तान्ह्या अजितसिंहाला दुर्गादासांनी 1679 मध्ये मोगलांच्या तावडीतून दिल्लीबाहेर काढले आणि ज्याच्या राज्यासाठी जवळजवळ तीस वर्षे झुंज दिली, त्याच अजितसिंहाशी गादी मिळाल्यावर त्यांचे बिनसले. त्यांना मारवाड सोडावे लागले, 1718 मध्ये उज्जैनला त्यांचा अंत झाला आणि त्यांची छत्री क्षिप्रेच्या काठी उभी राहिली. ते मंडोरला नाहीत, यातच त्यांची सारी कथा आहे, आणि नेमके तेच मी बोललो नाही. पाहुण्यांसमोर गाईडला खोटे पाडायचे नाही, असा आमचा नियम आहे. शिवाय दहा मिनिटे उशीर झालेला होता आणि उरलेली सदतीस माणसे फाटकाशी उभी होती. बसमध्ये सांगू, असे मी ठरवले. बसमध्ये मात्र गुरुजी घरी फोन लावून पत्नीला सारे सांगत होते, आणि रात्री जेवणाच्या वेळी त्यांनी हा प्रसंग इतक्या रंगून सांगितला की एरवी गुलाबजाम संपल्याची तक्रार करणारी मंडळीही गप्प बसून ऐकत राहिली. पुढे सहलीच्या व्हॉट्सॲप गटावर त्या चौथऱ्याचे छायाचित्र आले. "वीर दुर्गादासांच्या समाधीवर सुधागडची माती" या मजकुराखाली हात जोडल्याची कितीतरी चिन्हे होती, आणि त्यांतले एक माझे होते.

फेब्रुवारीत दुसरा गट घेऊन गेलो, तेव्हा तोच गाईड कोणीही न विचारता त्या चौथऱ्यापाशी थांबला. "महाराष्ट्र से लोग यहाँ मिट्टी लेकर आते हैं," असे सांगून तो माझ्याकडे वळला, "पूछिए साब से, इनके सामने की बात है।" एकेचाळीस माणसे माझ्याकडे पाहू लागली. त्या दिवशी मी उज्जैनचे नाव घेतले, अजितसिंहांशी बिनसल्याचेही सांगितले, आणि ते ऐकताना लोक प्रथमच त्या मोठ्या देवलाकडे मान वळवून पुन्हा पाहत होते. गाईड मात्र दिवसभर माझ्याशी बोलला नाही. दुकानातही तो दाराबाहेरच उभा राहिला.

गुरुजींचा क्रमांक माझ्याकडे आहे. उज्जैनच्या सहलीचे पत्रक दोनदा त्यांना पाठवायला घेतले आणि सोबत काय लिहावे ते न सुचल्यामुळे दोन्ही वेळा तसेच ठेवून दिले.