शेवटच्या पाहुण्याचं काम

जपानी चहाविधीच्या शिकवणीच्या पहिल्या दिवशी सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या शिक्षिकेनं, सगळ्यात आधी माझे हात पाहिले. अंगठी आणि घड्याळ काढायला सांगितलं, मंगळसूत्र कपड्याच्या आत घ्यायला सांगितलं, आणि मग उजव्या हातातल्या बांगडीकडे पाहिलं. ती बांगडी आठ वर्षांत उतरली नव्हती. आत जाऊन साबण लावून काढली. कारण एवढंच मिळालं की वाडग्याला लागेल. चहाच्या त्या वाडग्याला चावान म्हणतात, आणि त्या दिवशी माझ्या हातात आलेला चावान सेन्सेईंच्या आजीच्या वेळचा होता.

मी पुण्यात जपानी शिकले आणि अनुवादाच्या कामासाठी ओसाकाला आले. ओसाकाच्या दक्षिणेला लागूनच साकाई हे शहर आहे. हांकाई ट्रामच्या शुकुइन थांब्यावर उतरून थोडं चाललं की एक छोटी जागा लागते. तिथे छपराखाली एक विहीर आहे. सेन नो रिक्यू यांचं घर इथे होतं. 1522 मध्ये याच गावात, एका व्यापारी कुटुंबात ते जन्मले. पुढे ओदा नोबुनागा आणि तोयोतोमी हिदेयोशी या दोघा सत्ताधीशांचे ते चहाचे गुरू झाले, आणि 1591 मध्ये हिदेयोशीच्याच हुकमावरून त्यांना पोट चिरून मरण पत्करावं लागलं. आज जपानमध्ये चहाची जी घराणी आहेत, त्यातली तीन मोठी, म्हणजे ओमोतेसेन्के, उरासेन्के आणि मुशाकोजिसेन्के, त्यांच्याच वंशातली. आमच्या सेन्सेई उरासेन्केच्या. त्यांचं घर त्या विहिरीपासून चालत दहा मिनिटांवर.

चहा करायला शिकायचं म्हणून मी गेले होते. पहिले तीन महिने मी फक्त पाहुणी होते.

आपल्याकडे पाहुण्याला काम सांगायची पद्धत नाही. त्यानं बसायचं, पाणी प्यायचं, आग्रह झाला की नको-नको म्हणत आणखी थोडे पोहे घ्यायचे. सगळी धावपळ घरच्यांची. इथे पाहुणा स्वतःचं साहित्य घेऊन येतो: मिटलेला छोटा पंखा, काइशी नावाच्या कागदांची घडी आणि गोड पदार्थ कापायची लाकडी काडी. पंखा वारा घ्यायला नाहीच. नमस्कार करताना तो मिटलेलाच आपल्या गुडघ्यांपुढे आडवा ठेवायचा, म्हणजे आपण आणि समोरचा यांच्यात एक रेघ आखली जाते.

गोड आधी येतं, आणि चहा येण्याआधी ते संपवायचं असतं. घेण्यापूर्वी शेजारच्या पाहुण्याला वाकून ‘ओसाकी नी’ म्हणायचं, म्हणजे ‘तुमच्या आधी घेते’. चहा आला की पुन्हा तेच. मग चहा करणाऱ्याला नमस्कार. चावान डाव्या तळव्यावर घ्यायचा, उजवा हात बाजूला, किंचित उचलून आभार मानायचे आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं दोनदा फिरवायचा. चावानची सगळ्यात देखणी बाजू यजमानानं आपल्याकडे करून ठेवलेली असते. त्या बाजूला ओठ लावायचे नाहीत, म्हणून फिरवायचा. हे मला फार आवडलं. यजमान उत्तम बाजू पाहुण्याला देतो आणि पाहुणा ती घेत नाही, आणि दोघंही त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत.

शेवटचा घोट आवाज करून ओढायचा. लहानपणी बशीतून चहाचा फुरका मारला की आजी डोळे वटारायची, त्यामुळे हा आवाज माझ्या घशातून निघायला कित्येक आठवडे लागले. पण त्या आवाजाला काम आहे. यजमान पाहुण्याच्या तोंडाकडे टक लावून बसत नाही. चहा संपला हे त्याला कानांनी कळतं.

प्यायल्यावर चावान नीट पाहायचा असतो. कोपरं मांड्यांवर टेकवून, अगदी जमिनीलगत वाकून. हातातून निसटलाच तर चार बोटांवरून पडावा, हातभर उंचीवरून नाही.

बसायचं मात्र कठीण. सेइझा म्हणजे आपलं वज्रासन, आणि ते मला येतं अशी माझी समजूत होती. जेवणानंतरचं दहा मिनिटांचं वज्रासन आणि ताताम्यावर, म्हणजे जमिनीवरच्या गवताच्या जाड चटईवर, तासभर बसून वर हातांनी नाजूक कामं करणं यांचा संबंध नाही. पहिल्या महिन्यात पायांना इतक्या मुंग्या यायच्या की उठताना घोट्यात काही आहे की नाही हेच कळायचं नाही. अंगठे एकमेकांवर ठेवून मधूनमधून वरचा अंगठा खाली घ्यायचा, आणि उठण्याआधी चवड्यांवर येऊन थांबायचं, या दोन गोष्टींनी मला तारलं. नव्यानं जाणाऱ्या कुणालाही मी आधी हेच सांगेन.

सेन्सेईंच्या घरामागे बागेत साडेचार ताताम्यांची चहाची खोली आहे. तिला निजिरिगुची आहे. निजिरिगुची म्हणजे पाहुण्यांसाठीचं दार, जेमतेम 66 सेंटिमीटरचं, गुडघ्यांवर सरपटतच आत जाता येतं. हे दार रिक्यूंनी रूढ केलं असं मानतात. सामुराई आला तरी तलवार बाहेरच्या फळीवर ठेवून, डोकं खाली घालून आत. क्योतोजवळ ओयामाझाकीला म्योकिआन या देवळात रिक्यूंची म्हणून मानली जाणारी ताइआन ही खोली आहे. चहा जिथे होतो ती जागा फक्त दोन ताताम्यांची. आधी पत्र पाठवून परवानगी काढून मी ती पाहून आले. आत जाऊ देत नाहीत, दारातून पाहायचं. ज्या माणसानं हिदेयोशीसारख्याला दोन ताताम्यांत, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसवलं, त्याच्याबद्दल पुस्तकांतून कळलं नव्हतं ते त्या दारापाशी वाकल्यावर कळलं.

तर त्या दाराची गोष्ट. पाहुण्यांमध्ये पहिल्याचा मान मोठा. सगळ्यांच्या वतीनं यजमानाशी तोच बोलतो. शेवटच्या पाहुण्याला ओत्सुमे म्हणतात. भांडी परत पोचवणं, मागे राहिलेलं आवरणं ही कामं त्याची, आणि दार लावायचंही. नवव्या की दहाव्या शिकवणीला मला तिथे बसवलं. मी आत आले, वळले, आणि जराही आवाज होणार नाही इतक्या हळुवारपणे दार सरकवलं. मनात म्हटलं, किती छान जमलं. आम्ही बसलो. बसून राहिलो. आतल्या बाजूला मिझुया असते, भांडी धुण्याची आणि तयारीची जागा. तिथून सेन्सेई येईनात. बऱ्याच वेळानं आतला दरवाजा सरकला.

‘दार लागल्याचं ऐकू आलं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही सगळे आत आलात हे मला कसं कळणार?’

दार शेवटच्या दोन बोटांवर आल्यावर ठक असा आवाज होईल असं लावायचं असतं. तो आवाज मिझुयात थांबलेल्या माणसासाठी. त्या दिवशी घरी येताना ट्राममध्ये मी त्याचाच विचार करत होते. शांततेचं कौतुक करणारी सगळी वर्णनं मी वाचली होती. त्या शांततेतले आवाज कुणीतरी कुणासाठी तरी ठेवलेले असतात, हे कुठे वाचलं नव्हतं.

चौथ्या महिन्यापासून हातात फुकुसा आला. फुकुसा म्हणजे चौकोनी रेशमी रुमाल, पुरुषांचा जांभळा, बायकांचा लाल. त्याची घडी घालायला शिकण्यात सहा आठवडे गेले. शिकवणी चालू असताना लिहून घ्यायला बंदी. मी ट्राममध्ये बसल्याबसल्या वहीत सगळं उतरवायचे आणि पुढच्या वेळी वही आणि हात यांचं जमायचं नाही. शेवटी वही सोडली.

या रुमालानं चहाची डबी आणि बांबूचा लांब चमचा पाहुण्यांसमोर पुसतात. दोन्ही आधीच स्वच्छ असतात. मग पुसायचं कशाला, असं मी विचारलं. सेन्सेई म्हणाल्या, धुणं मिझुयात झालं, हे वेगळं आहे. मला आजोबांची पूजा आठवली. कलश, शंख, घंटा घासूनपुसून लखलखीत असायचे, तरी देवाच्या आधी ते त्यांचीच पूजा करायचे. वा, केइ, सेइ, जाकु ही चहाची चार तत्त्वं. मेळ, आदर, शुचिता, निश्चलता असं मी कामात कितीदा तरी भाषांतर केलं होतं. त्यातल्या ‘सेइ’ला स्वच्छता न म्हणता शुचिता म्हणावं असं का वाटलं होतं, ते आजोबांमुळे असावं. तसं नातं जुनंच आहे: आपलं ध्यान चीनला जाऊन चान झालं, जपानला जाऊन झेन. आणि 1191 मध्ये एइसाई हा भिक्षू चीनहून परतला तो झेनची शिकवण आणि चहाचं बी, दोन्ही घेऊन, असं सांगतात.

प्रत्यक्ष चहा थोडाच असतो. चमच्याचं दीड माप, सुमारे दोन ग्रॅम पूड, त्यावर साठ-सत्तर मिलिलिटर गरम पाणी, आणि एकाच बांबूतून शंभरेक बारीक काड्या चिरून केलेल्या चासेननं घुसळायचं. आमच्या घराण्यात वर सगळीकडे फेस हवा, ओमोतेसेन्केत कमी. या पुडीला माचा म्हणतात. तिच्यासाठीची झुडपं तोडणीआधी तीनेक आठवडे सावलीत झाकून ठेवतात, आणि त्या पानांची पूड दगडी जात्यावर दळतात. जातं तासाला चाळीस ग्रॅमच्या आसपास दळतं. म्हणजे एका चावानमागे जात्याची तीन मिनिटं. हा हिशोब कळल्यापासून डबीतली पूड सांडली की मला खरोखर वाईट वाटतं.

वर्षाच्या शेवटी क्योतोहून माझ्या नावाचा कागद आला. मला वाटलं प्रमाणपत्र. ती शिकण्याची परवानगी होती.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये सेन्सेई म्हणाल्या, या वेळी यजमान तू. पाहुणे चार. पहिले पाहुणे साकाईतल्या सुऱ्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा, तीस वर्षं चहात घालवलेले. शेवटच्या जागी स्वतः सेन्सेई. गोड म्हणून मी मिनाझुकी आणली होती. तांदळाच्या उकडीसारखा पांढरा थर, वर लाल आझुकीचे दाणे, आणि त्रिकोणी कापलेली, बर्फाचा तुकडा वाटावा म्हणून. पूर्वी डोंगरातल्या हिमघरांत साठवलेला बर्फ ऐन उन्हाळ्यात दरबारी लोक खात. ज्यांना तो मिळत नसे त्यांनी त्याच्या आकाराची मिठाई खाल्ली.

मिझुयात मी गुडघ्यांवर बसून होते. बागेतल्या दगडांवर पावलं, मग पाण्याचा आवाज, ते हात धूत होते. मग बराच वेळ काहीच नाही. मग ठक.

आत गेले. पाण्याचं भांडं, मग चावान आणि डबी, मग पळी. रुमाल घडीत नीट बसला. डबी पुसली, चमचा पुसला, चासेन भिजवली, चावान पुसला. चमचा उचलला, पूड घातली आणि गरम पाण्याच्या पळीकडे हात नेला, तेव्हा खोलीत काहीतरी अडल्यासारखं झालं. काय ते मला कळेना.

‘आजची मिठाई फार गार दिसते आहे,’ आजोबा म्हणाले. ‘तिचं नाव काय म्हणायचं?’

चमचा उचलताना यजमानानं ‘ओकाशी ओ दोझो’, गोड घ्या, असं म्हणायचं असतं. मी म्हणाले नव्हते. चौघांसमोर मिनाझुकी तशीच होती. यजमानानं म्हटल्याशिवाय पाहुणा हात लावत नाही, आणि यजमान चुकला असं पाहुणा म्हणत नाही.

‘मिनाझुकी,’ मी म्हणाले. ‘कृपया घ्या.’

आजोबांनी शेजाऱ्याला वाकून ‘ओसाकी नी’ म्हटलं. सगळे खाईपर्यंत मी हात मांडीवर ठेवून थांबले. किटलीतल्या पाण्याचा आवाज येत होता. त्याला जपानीत पाइनच्या झाडांतला वारा म्हणतात. मग पाणी ओतलं. नंतर त्यांनी डबी आणि चमचा पाहायला मागितले, चमच्याचं नाव विचारलं. मी ठरवून ठेवलेलं नाव सांगितलं: सेइर्यू, निर्मळ प्रवाह. दोन बोटांत मावणाऱ्या बांबूच्या तुकड्याला ऋतूप्रमाणे नाव देतात, आणि पाहुणे ते ऐकून मान लववतात. ते सगळं नीट झालं. आजोबांच्या प्रश्नाचा नंतर कुणीही उल्लेख केला नाही, मीसुद्धा नाही, कारण आभार मानले असते तर त्यांनी झाकलेलं मी उघडं केलं असतं.

पाहुणे गेल्यावर मी चावान गोळा करायला लागले, तर सेन्सेई मागे आल्या. ‘आवरू नकोस. आत जाऊन बस.’ ‘इचिगो इचिए’, ही भेट आयुष्यात पुन्हा नाही, हे शब्द आता जपानमध्ये दुकानांच्या पाट्यांवरही असतात. ते रुजवणारे ई नाओसुके हे सरदार चहाचे मोठे अभ्यासक होते. 1860 मध्ये एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर त्यांची हत्या झाली. पाहुणे गेल्यावर यजमानानं लगेच आवराआवर करू नये, एकट्यानं किटलीसमोर बसावं आणि स्वतःसाठी एक चावान करावा, असं त्यांनी लिहून ठेवलंय.

दीड वर्षात मी कितीतरी चावान केले होते. स्वतः केलेला एकही प्यायले नव्हते. यजमान सहसा पीत नाही.

पूड घातली, पाणी ओतलं, घुसळलं. निखारे विझत आले होते, पाणी थोडं निवलं होतं. चावान माझ्यासमोर ठेवला, मग उठून पाहुण्याच्या जागी जाऊन बसले. देखणी बाजू माझ्याकडे होती. दोनदा फिरवला. पहिला घोट कडवट लागला, दुसरा कमी. शेवटचा घोट मोठ्यानं ओढला, आणि मिझुयाच्या बाजूनं नळाचं पाणी सुरू झाल्याचा आवाज आला.